भिंतीत पिकणारं मीठ

नवी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाच्या पत्त्यात 'किल्ले गावठाण' हे नाव येतं. तो किल्ला म्हणजे बेलापूरचा. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज असे चार धनी त्याने पाहिले. आज त्याचे अवशेषच उरलेत. ठाण्याच्या किल्ल्याचा तुरुंग झाला, तर घोडबंदरचा किल्ला उल्हास नदीच्या मुखाजवळ उभा आहे. या तिन्ही ठिकाणांना खाडीचा शेजार आहे, आणि खाडीकाठच्या भिंतीचा खरा वैरी खाडीतूनच येतो. तो म्हणजे मीठ.

मीठ कसं पिकतं हे इथल्या आगरी माणसाला सांगायला नको. मिठागराच्या कोंड्यात, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, खारं पाणी घ्यायचं, उन्हाने ते आटलं की खडे धरतात. भिंतीतही तेच घडतं. जमिनीतला ओलावा दगडाच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून वर चढतो, खारा वारा बाहेरून मीठ आणून टाकतो. पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. छिद्रात वाढणारा खडा भोवतीच्या भिंतीला रेटा देतो आणि ती कणाकणाने भुगा होऊ लागते.

यात एक आकडा फार महत्त्वाचा आहे. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा खडे धरतं. आपल्याकडे पावसाळाभर ते विरघळलेलंच असतं. पण हिवाळ्यात रात्री दमट आणि दुपारी कोरडी हवा असते, म्हणजे हा रेटा एकाच दिवसात येतो आणि जातो. अशा शेकडो फेऱ्या दगडाला थकवतात.

जुन्या गवंड्यांचा चुना इथे कामाला येतो. चुनखडी किंवा खाडीतल्या कालवांचे शिंपले भट्टीत साधारण 900 अंशांना भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात भिजवून, वाळू घालून घाणीत, म्हणजे चुना मळायच्या दगडी चक्कीत, मळायचा. भिंतीत बसल्यावर तो हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. जाड भिंतीच्या पोटात याला वर्षानुवर्षं लागतात. असा सांधा मऊ आणि सच्छिद्र असतो. ओलावा त्यातून बाहेर पडतो, मीठही तिथेच साचतं, आणि झिजतो तो सांधा. तो पुन्हा भरता येतो, दगड मात्र पुन्हा घडत नाही.

म्हणूनच किल्ल्याच्या सांध्यात सिमेंट दिसलं की मला वाईट वाटतं. भरणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण घट्ट सिमेंटमधून ओलावा निघत नाही, तो दगडाकडे वळतो. आपला बेसॉल्ट कठीण खरा, पण ज्या थरांत वायूचे बुडबुडे अडकले होते तो दगड जाळीदार असतो. तिथे मीठ शिरलं की सिमेंटची चौकट ताठ उभी राहते आणि मधला दगड खचत जातो.

सगळीकडे रोग एकच नसतो, म्हणून औषधही एक नसतं. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धाचे खंदक जपलेत, ते मातीचे. विमी इथे खंदकाच्या कडेची पोती काँक्रीटची करून आकार टिकवला. बोमाँ-आमेलला मात्र माती गवताखाली तशीच ठेवली आहे. तिथे जपायचा होता तो आकार. आपल्याकडे जपायची आहे ती भिंतीची श्वास घेण्याची क्षमता.

दुरुस्तीचं काम दिसायला अगदी साधं. पाऊस संपला की छिन्नीने, दगडाची कड न दुखवता, सिमेंट काढायचं. सांधा धुऊन चुना दाबून भरायचा. मग त्यावर ओलं गोणपाट टांगायचं आणि कित्येक दिवस ते वाळू द्यायचं नाही, कारण ओल नसेल तर चुना हवेतला वायू घेतच नाही.