पाणबुडीच्या थरारकथेत समुद्र कुठाय?

मराठीत युद्धकथा लिहिणारे आता गृहपाठ चांगला करतात, टॉर्पेडोचं मॉडेल, कॅप्टनच्या खांद्यावरच्या पट्ट्या, गोव्यातल्या दाबोळीचा आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ, सगळं बरोबर असतं. आणि मग मुरगावपासून लांब समुद्रात शत्रूची पाणबुडी येते, आपली युद्धनौका सोनारचा, म्हणजे पाण्यात आवाजाने शोध घेणाऱ्या यंत्राचा, एक पिंग (छोटा आवाज) सोडते, स्क्रीनवर ठिपका उमटतो आणि विषय संपतो. मला हे वाचताना खरंच वाईट वाटतं, कारण सगळा थरार त्या पाण्यात असतो आणि नेमकं तेच लेखकाने बघितलेलं नसतं.

पहिली गोष्ट, पिंग सोडणं म्हणजे आपला पत्ता देणं. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेपेक्षा चार पटींहून जास्त. पाणबुडी ९ किलोमीटरवर असेल तर पिंग जायला ६ सेकंद, प्रतिध्वनी परत यायला ६ सेकंद, आणि एवढ्यात २० नॉटने, म्हणजे ताशी २० सागरी मैलांनी, चाललेली नौका सव्वाशे मीटर पुढे गेलेली असते. वर आपल्याला ऐकू यायचा तो प्रतिध्वनी, दोन्ही बाजूंचा प्रवास करून मेलेला, पण शत्रूला मात्र एकाच बाजूचा, त्यामुळे आपण त्याला पकडायच्या कितीतरी आधी तो आपल्याला ऐकतो. म्हणून पाणबुड्या शक्यतो पिंग करतच नाहीत, गप्प राहून ऐकत बसतात.

आता दुसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आवाज समुद्रात सरळ जात नाही. गरम पाण्यात त्याचा वेग जास्त, थंड पाण्यात कमी, आपल्या समुद्रासारख्या गरम पाण्यात एका अंशाला सेकंदामागे दोन-तीन मीटरचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण काठी पाण्यात बुडवली की वाकडी दिसते ना, तसा आवाजही थर बदलला की वाकतो, आणि वाकतो तो कमी वेगाच्या म्हणजे थंड पाण्याकडे, खाली. त्यामुळे पुढे एक असा पट्टा तयार होतो जिथे नौकेचा आवाज जवळजवळ पोचतच नाही, आणि पाणबुडी नेमकी तिथे जाऊन बसते. १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या लक्षात आलं होतं की सकाळी नीट चालणारा सोनार दुपारी कमजोर पडतो. मशीन तेच, माणसं तीच, फक्त उन्हाने वरचं पाणी तापलेलं. म्हणजे कथेतला हल्ला सकाळी सातला की दुपारी तीनला, याने निकाल बदलू शकतो, आणि मी तरी हे कुठल्या मराठी कथेत वाचलेलं नाही.

गोव्याचा समुद्र तर याबाबतीत खजिना आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे, पाण्याचे हेच थर अभ्यासणारी माणसं तिथे बसतात, लेखकाने जाऊन विचारावं ना. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर सरकतं, आणि त्याच्यावर पावसाचं नि मांडवी-जुवारीसारख्या नद्यांचं कमी खारं पाणी पातळ थरासारखं पसरतं, म्हणजे वरून काही मीटर खाली गेलं की पाणीच बदललं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ट्रॉलरच्या इंजिनांचा कलकलाट नाही. पण पाऊस असतो. पावसाचे बारीक थेंब पाण्यात पडताना इवलेसे बुडबुडे अडकतात आणि ते वाजतात, साधारण १५ किलोहर्ट्झच्या आसपास. शिवाय उथळ गरम पाण्यात नांगी आपटणाऱ्या एका जातीच्या कोळंब्या असतात, त्यांचा तडतड आवाज ऐकणाऱ्याच्या कानात सतत चालू असतो.

रेडिओचं थोडक्यात सांगतो. २०० मीटर खोलवरून कॅप्टन मुख्यालयाशी लाइव्ह बोलतो ते विसरा, खाऱ्या पाण्यात नेहमीच्या रेडिओलहरी लगेच मरतात. अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी काही मीटर, फार तर काही दहा मीटर आत जातात, आणि त्यावर पाणबुडी फक्त ऐकते, तेही अगदी हळू येणारे छोटे संदेश.

आता समजा जुलै महिना आहे आणि डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी गोव्याच्या पश्चिमेला आहे. बॅटरीवर चालते तोवर ती इतकी शांत की त्या पावसाच्या आवाजात सापडणं कठीण, पण बॅटरी उतरते, फुल स्पीडला तर काही तासांतच. मग वर येऊन स्नॉर्केलची, म्हणजे हवा आत घेण्याची, नळी पाण्याबाहेर काढायची, डिझेल इंजिन चालू करायचं, म्हणजे आवाजही झाला आणि नळी रडारलाही दिसू शकते. त्यात पावसाळ्यातल्या लाटा. लाट नळीवरून गेली की झडप बंद होते, इंजिन मात्र चालूच, ते मग पाणबुडीच्या आतलीच हवा ओढायला लागतं, आतला दाब झपकन पडतो आणि सगळ्यांचे कान दुखतात. लाट गेली, झडप उघडली, हवा परत आत. पुढची लाट, परत तेच, आणि चार्जिंग तासन्‌तास चालायचं असतं. कॅप्टनने कान दुखत असताना बॅटरी पूर्ण भरायची वाट बघायची, की अर्धीच भरून परत खाली थंड थराच्या आड जायचं, या एका निर्णयावर अख्खं प्रकरण लिहिता येईल आणि त्यात एकही टॉर्पेडो सुटायची गरज नाही.