डिग्बी, जेन एलिझाबेथ

जेन डिग्बी (३ एप्रिल १८०७ – ११ ऑगस्ट १८८१) ही घटस्फोटाच्या प्रकरणामुळे गाजलेली इंग्लिश उमराव घराण्यातील स्त्री होती. तिचा जन्म डॉर्सेट परगण्यात झाला. तिचे वडील हेन्री डिग्बी ट्रफॅल्गरच्या लढाईत (१८०५) ‘आफ्रिका’ या युद्धनौकेचे कप्तान होते.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८२४ मध्ये, तिचा विवाह लॉर्ड एलेनबरो या जवळजवळ दुप्पट वयाच्या विधुराशी झाला. पुढे गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आलेला आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनियार येथील लढायांत शिंद्यांच्या फौजेचा पराभव घडवून आणणारा एलेनबरो तो हाच. राजकारणात गुंतलेल्या नवऱ्याच्या घरी एकाकी पडलेल्या जेनचे प्रथम जॉर्ज अॅन्सन या मावसभावाशी प्रेमसंबंध जुळले. हा अॅन्सनही १८५७ च्या उठावाच्या वेळी हिंदुस्थानात सरसेनापती होता आणि त्याच वर्षी कर्नाल येथे पटकीने मरण पावला. त्यानंतर ती ऑस्ट्रियन वकिलातीतील प्रिन्स फेलिक्स श्वार्झेनबर्ग याच्या प्रेमात पडली व त्याच्यासाठी तिने इंग्लंड सोडले.

इंग्लंडमध्ये १८५७ पूर्वी पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट संसदेच्या स्वतंत्र कायद्याखेरीज मिळत नसे, त्यामुळे एलेनबरोने घटस्फोट मागितला तेव्हा जेन व श्वार्झेनबर्ग जेथे भेटले त्या ब्रायटनच्या हॉटेलातील नोकरांच्या साक्षी थेट उमरावांच्या सभागृहात झाल्या व वृत्तपत्रांतून घरोघर पोचल्या. एलेनबरोने पत्नीकडे दुर्लक्ष केल्याचा आक्षेप संसदेत घेतला गेला, तरी १८३० मध्ये कायदा संमत झाला आणि अपकीर्ती एकट्या जेनच्या वाट्याला आली. श्वार्झेनबर्गने तिच्याशी लग्न केले नाही. पुढे तो ऑस्ट्रियाचा पंतप्रधान झाला, यावरून अशा प्रकरणांचा पुरुषाला किती उपद्रव होई ते दिसते.

म्यूनिकमध्ये बव्हेरियाचा राजा पहिला लूटव्हिख याने आपल्या सौंदर्यवतींच्या चित्रसंग्रहासाठी तिचे चित्र काढवून घेतले. बॅरन फेन्निंगेन आणि ग्रीक काउंट थिओटोकिस यांच्याशी झालेले तिचे विवाहही टिकले नाहीत.

१८५३ मध्ये ती सिरियात गेली. पाल्मायरा या प्राचीन नगराच्या अवशेषांकडील प्रवासात संरक्षक म्हणून सोबत आलेल्या, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान असलेल्या मेजुएल अल्-मेझराब या बदाऊनी (वाळवंटातील भटक्या अरब टोळीच्या) शेखाशी तिने इस्लामी पद्धतीने विवाह केला. चरित्रकारांचे लक्ष बहुधा आधीच्या प्रकरणांवरच खिळते. प्रत्यक्षात हा संसार पाव शतकाहून अधिक काळ, तिच्या मृत्यूपर्यंत टिकला. ती अरबी बोले, वर्षाचा काही भाग दमास्कसच्या घरात व काही वाळवंटातील राहुट्यांत काढी. दमास्कसमधील ब्रिटिश वाणिज्यदूत (कॉन्सल) रिचर्ड बर्टन व त्याची पत्नी इझाबेल यांच्याशी तिचा स्नेह होता. दमास्कस येथे तिचे निधन झाले व तेथील प्रॉटेस्टंट दफनभूमीत तिला पुरण्यात आले.