टपावरचं सोलर आणि फुकटची धाव

'ई-पिकअपच्या टपावर सोलर पॅनल टाका, सोलापूरच्या उन्हात चार्जिंगचा खर्चच नाही.' मार्केट यार्डात आणि चादर कारखान्यांच्या दारात हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे.

हिशेब सोपा आहे. 400 वॅटचं पॅनल साधारण 2 चौरस मीटर जागा खातं. दिवसभराचं ऊन धरलं तर चांगल्या दिवशी फार तर 2 युनिट वीज, तीही गाडी सावलीत लागली नाही तर. टाटा एस ईव्ही या छोट्या ई-पिकअपची बॅटरी 21.3 युनिटची आहे. म्हणजे दिवसभर तापून भरणार जेमतेम दहावा हिस्सा, मिळणार दहा-बारा किलोमीटर! शिवाय पॅनल तापलं की वीज कमी देतं. सोलापूरचा उन्हाळा इथे उलटाच पडतो. वर लोखंडी सांगाड्याचं वजन, ते वेगळंच.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. असं पॅनल बहुतेकदा दिवे-हॉर्न चालवणाऱ्या 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीलाच जोडतात, त्याने गाडी पळत नाही. मोटर फिरवणारी मोठी बॅटरी उच्च दाबाची असते. तिच्या नारिंगी केबलला गल्लीतल्या वायरमनने हात लावू नये, जिवाशी खेळ आहे.

पैसे घालायचेच तर आधी घरी नीट अर्थिंग असलेला चार्जिंग पॉइंट करा. मग चादरीचे गठ्ठे भिजू नयेत म्हणून हौद्याला हूड आणि खाली रबरी मॅट. रुंद टायर मात्र नकोत, रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, घटते. टायरमधली हवा तपासायला तर जवळपास काहीच लागत नाही.