आयसीयूतून सुटका झाली, पण पायात जोर का नाही?

"रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आलेत, मग यांना साधं उठून बसता का येत नाहीये?" आयसीयूतून वॉर्डात आणलेल्या पेशंटच्या घरच्यांचा हा ठरलेला प्रश्न, आणि "अशक्तपणा आहे हो, जाईल हळूहळू" हे ठरलेलं उत्तर. पण तापातून उठल्यावर येतो तसला हा अशक्तपणा नाही, इथे स्नायूच झिजलेले असतात आणि तेही अवघ्या काही दिवसांत.

२०१३ साली लंडनच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. ६३ गंभीर पेशंटच्या मांडीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून पुढच्या स्नायूचं माप घेत गेले, तर दहाव्या दिवशी ते जवळपास १८ टक्क्यांनी कमी भरलं. त्यातही ज्यांचा एकच अवयव निकामी झाला होता त्यांचं आठवड्यात ३ टक्के गेलं आणि ज्यांचे जास्त अवयव बंद पडले त्यांचं १६ टक्क्यांच्या आसपास. पडून तर सगळेच होते की! म्हणजे नुसतं झोपून राहिल्याने एवढं होत नाही, आजारच स्नायू खातो.

सेप्सिससारख्या आजारात, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागतात तेव्हा, अंगभर दाह सुरू असतो, लिव्हरला आणि इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशींना कच्चा माल लागतो, मग अडीअडचणीला घरातलं सोनं मोडावं तसं शरीर स्नायूंमधलं प्रोटीन मोडायला काढतं, आणि नवीन प्रोटीन बनवायचं कामही मंदावतं. कधीकधी नसांनाही मार बसतो. आणि हे बाहेरून दिसत नाही बरं का, कारण सलाईनमुळे हातपाय सुजलेले असतात, वजन उलट वाढलेलंच दिसतं.

श्वासाचा मुख्य स्नायू, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला पडदा, तर याहून नाजूक. ब्रेनडेड अवयवदात्यांचा २००८ चा अभ्यास आहे: १८ ते ६९ तास मशीन श्वास देत होतं, तेवढ्यात त्या पडद्याचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले. व्हेंटिलेटर काढताना पेशंट दमतो, त्याचं हे एक कारण.

मग प्रोटीन पावडर द्यायची का? सगळ्यांना हेच सुचतं. २०२३ मध्ये सुमारे १३०० पेशंटवर जास्त प्रोटीन देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही, आणि किडनी बिघडलेल्यांना तर नुकसान झाल्याची चिन्हं दिसली. तेव्हा डब्यातून गुपचूप काही पाजू नका, डाएटिशियनला विचारा. लवकर हालचाल हा दुसरा उपाय. २००९ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात गुंगीचं औषध रोज थांबवून लगेच फिजिओ सुरू केला, तर डिस्चार्जच्या वेळी स्वतःचं स्वतः करू शकणारे ५९ टक्के निघाले, बाकीच्यांत ३५. पण २०२२ च्या ७५० जणांच्या मोठ्या ट्रायलमध्ये हालचालीचा डोस वाढवून काही जास्त हाती लागलं नाही, उलट बीपी वर-खाली होणं, हृदयाचे ठोके बिघडणं हे प्रकार वाढले. माझ्या मते गुंगी कमी ठेवून झेपेल तेवढं हलवणं बरोबर, ओढूनताणून उभं करणं नाही.

आणि घरच्यांनी घाई करू नये. टोरंटोच्या डॉक्टरांनी फुफ्फुसं गंभीर निकामी होऊन वाचलेल्या १०९ जणांची माहिती वर्षानुवर्षं ठेवली, त्यातले बरेचसे चाळिशी-पंचेचाळिशीतले. पाच वर्षांनी फुफ्फुसं जवळपास नॉर्मल झाली होती, पण सहा मिनिटांत ते चालायचे ते अंतर अपेक्षेच्या ७६ टक्केच.