जुनी फुल फ्रेम बॉडी घ्यावी का? आधी उजेड मोजा

हातात साधा क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा डीएसएलआर आहे, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आहे, आणि सेकंडहँडमधे एक बरीच जुनी, पण आपल्या काळात दादा म्हणून मिरवलेली फुल फ्रेम (फिल्मच्या फ्रेमएवढ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, मिळतेय. निकॉन डी७००, कॅनन फाइव्ह डी मार्क टू, नाहीतर डी६००. घेऊ का? असं कोणी विचारलं की निम्मे लोक लगेच मेगापिक्सेल मोजायला बसतात आणि उरलेले "जुनी टेक्नॉलॉजी रे, कशाला" म्हणून मोकळे होतात. दोन्हीत फारसा दम नाही, कारण या प्रश्नाचा मोठा भाग फिजिक्सचा आहे आणि तो गुणाकार-भागाकार करून चक्क सोडवता येतो.

कमी उजेडातल्या फोटोत जे दाणे दाणे दिसतात, ज्याला आपण नॉइज म्हणतो, ते बरेचसे कॅमेऱ्याने केलेलेच नसतात. प्रकाश सुट्या सुट्या फोटॉननी येतो आणि हे फोटॉन काही रांगेत शिस्तीने येत नाहीत, कसेही येतात. समजा एका करड्या भिंतीचा फोटो काढताय आणि प्रत्येक पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडताहेत, तर प्रत्यक्षात कुठे ९१ पडतील, कुठे १०८, म्हणजे चढउतार साधारण १० चा, शंभराच्या वर्गमूळाएवढा. शंभरात दहा म्हणजे १० टक्के, आणि सपाट भिंत खरखरीत दिसायला तेवढे पुरतात. तेच १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का, जो डोळ्याला जाणवतही नाही. उद्या कोणी एकही चूक न करणारा सेन्सर बनवला तरी हा खरखरीतपणा राहणारच, कारण तो उजेडाच्या येण्यातच आहे. त्यावर उपाय एकच, जास्त उजेड गोळा करा. आणि कॅमेऱ्यातली आयएसओ ही सेटिंग वाढवली म्हणजे उजेड वाढला असं अजिबात होत नाही, आलेल्या तुटपुंज्या सिग्नलचा आवाज मोठा केला एवढंच, दाण्यांसकट.

आता फुल फ्रेम का भारी, तर त्याचं क्षेत्रफळ. ३६ गुणिले २४ म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. निकॉनचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६, म्हणजे ३६७ च्या आसपास, आणि कॅननचा त्याहून थोडा लहान, ३३२. म्हणजे तेवढाच एफ नंबर (लेन्सचं भोक किती उघडं ते सांगणारा आकडा, आकडा लहान तेवढं भोक मोठं) आणि तेवढाच शटर स्पीड ठेवला तर फुल फ्रेमवर एकूण उजेड निकॉनच्या हिशोबाने २.४ पट आणि कॅननच्या हिशोबाने २.६ पट. फोटोग्राफीच्या भाषेत सव्वा-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). चांगला फायदा आहे, नाही म्हणत नाही, पण आता लेन्सचा हिशोब करून बघा.

किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर येऊन बसते. तिच्याजागी साधी ५० मिलिमीटर एफ १.८ लावली तर? ५.६ भागिले १.८ म्हणजे ३.११, त्याचा वर्ग ९.७. जवळपास दहापट उजेड, सव्वातीन स्टॉपच्या वर. त्याच बॉडीवर, काहीही न बदलता. म्हणजे जी बॉडी बदलून आपण अडीचपट उजेड मिळवायला निघालोय तिच्या चौपट फायदा एका छोट्या लेन्सने होतो. अर्थात एफ १.८ वर एकाच डोळ्यावर फोकस राहतो आणि नाकाचा शेंडा धूसर होतो, ते तुम्हाला चालत नसेल तर हा हिशोब कोलमडतो. पण घरातल्या मुलांचे, कार्यक्रमाचे, संध्याकाळचे फोटो नीट येत नाहीत एवढीच तक्रार असेल तर बॉडीकडे वळायचीसुद्धा गरज नाही, आणि किल्ले-डोंगर-इमारती अशा न हलणाऱ्या गोष्टी काढत असाल तर ट्रायपॉड लावून शटर एक सेकंद उघडा ठेवा, फुकटात उजेड मिळतो.

यात एक मेख आहे जी जाहिरातीत कोणी लिहीत नाही. फुल फ्रेम बॉडी घेतली की तुमची किट लेन्स तिच्यावर चालेलच असं नाही. कॅननची क्रॉपसाठी बनवलेली ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाही. निकॉनची क्रॉपसाठीची डीएक्स लेन्स बसते, पण कॅमेरा आपणहून सेन्सरचा मधला तुकडाच वापरतो आणि डी७०० च्या १२ मेगापिक्सेलमधून हातात येतात ५. म्हणजे "फक्त बॉडी" असं काही नसतंच, बॉडी अधिक लेन्स असाच विचार करावा लागतो. उलट बाजूने निकॉनच्या साध्या बॉडीत, म्हणजे डी३००० किंवा डी५००० च्या घराण्यात, फोकस फिरवायची मोटर नसते. त्यामुळे जुन्या स्क्रू-ड्राइव्ह, म्हणजे बॉडीतल्या मोटरने फिरणाऱ्या ऑटोफोकस लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात आणि डी९०, डी७००० किंवा डी७०० वर त्याच लेन्स ऑटोफोकस करतात. कोणाकडे घरातल्या फिल्मच्या जमान्यातल्या निकॉनच्या ऑटोफोकस लेन्स पडून असतील तर जुनी वरच्या वर्गातली बॉडी घ्यायला हे एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

आता "जुनी टेक्नॉलॉजी" वाल्यांचं म्हणणं. त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि कुठलं अर्धं ते समजून घेण्यात खरी मजा आहे.

पिक्सेलमधे फोटॉनमुळे इलेक्ट्रॉन जमा होतात, ते मोजायचे असतात, आणि मोजताना सर्किट स्वतःची थोडी गडबड घालतं. तिला रीड नॉइज म्हणतात. फाइव्ह डी मार्क टू मधे सेन्सरमधून निघालेला ॲनालॉग सिग्नल बाहेरच्या वेगळ्या चिपवर जायचा आणि तिथे त्याचे आकडे व्हायचे, आणि या वाटेवर त्याला बरीच घाण लागायची. कमीत कमी आयएसओवर ही गडबड पंचवीस-तीस इलेक्ट्रॉनएवढी होती. पिक्सेलमधे मावतात समजा ६०,००० इलेक्ट्रॉन, त्याला २८ ने भागलं तर येतात २१०० च्या आसपास, म्हणजे दोनाचा अकरावा घात, म्हणून डायनॅमिक रेंज (एका फोटोत मावणारा गडद ते उजळ असा पल्ला) साधारण ११ स्टॉप. सोनीने २००७ च्या सुमाराला सेन्सरच्याच चिपवर प्रत्येक कॉलमला आपापला कन्व्हर्टर द्यायला सुरुवात केली, सिग्नल दूर जायच्या आतच आकडा तयार. हे तंत्र २०१० च्या निकॉन डी७००० मधे इतकं सुधारलं की गडबड तीन इलेक्ट्रॉनच्या घरात आली. ४०,००० भागिले ३ म्हणजे १३,००० च्या वर, साडेतेरा स्टॉपपेक्षा जास्त. आणि डी७००० हा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा होता! कॅननने हेच चिपवरचे कन्व्हर्टर आपल्या डीएसएलआरमधे आणले ते २०१६ मधे, ८०डी आणि फाइव्ह डी मार्क फोरच्या वेळी.

याचा फोटोत परिणाम असा, की भर उन्हात सावलीतला माणूस आणि मागे लख्ख आकाश असा फोटो काढला, आकाश वाचवायला माणूस काळा पडू दिला आणि नंतर कॉम्प्युटरवर सावली उचलली, म्हणजे उजळ केली, तर फाइव्ह डी मार्क टू च्या फाइलमधे त्या सावलीत उभ्या-आडव्या पट्ट्या दिसायला लागतात, दाण्यांपेक्षा ते फार वाईट, कारण दाणे डोळा माफ करतो पण पट्टी करत नाही. डी७००० मधे तीच सावली तीन-चार स्टॉप उचलली तरी स्वच्छ निघते.

पण आयएसओ १६०० वर गेलात की चित्र पालटतं. तिथे सिग्नल कन्व्हर्टरकडे जायच्या आधीच मोठा केलेला असतो, त्यामुळे पुढच्या वाटेवर लागलेली घाण त्याच्यासमोर किरकोळ ठरते. फाइव्ह डी मार्क टू सुद्धा तिथे तीन-चार इलेक्ट्रॉनवर येतो, आणि मग उरतं ते फोटॉनचं वर्गमूळ, ज्यात मोठं क्षेत्रफळ जिंकतं. म्हणून २००८ ची फुल फ्रेम बॉडी अंधाऱ्या हॉलमधे कितीतरी वर्षांनी आलेल्या क्रॉप कॅमेऱ्यांच्या तोडीस तोड उभी राहते आणि भर उन्हात त्यांच्याच मागे पडते. बहुतेकांना हे उलटं वाटतं. त्यामुळे निसर्गचित्रं काढून सावल्या उचलत बसणाऱ्याने फाइव्ह डी मार्क टू घेऊ नये, २०१२ ची डी६०० किंवा डी८०० बघावी, आणि लग्नाच्या मांडवात, रंगमंचासमोर उभं राहणाऱ्याला डी७०० आजही शोभते.

मेगापिक्सेलचं दोन वाक्यांत आटपतो. १२ चे २४ झाले म्हणजे बारकावे दुप्पट होत नाहीत, लांबी-रुंदीत १.४१ पटच होतात, आणि डी७०० ची ४२५६ गुणिले २८३२ ची फाइल इंचाला ३०० ठिपक्यांनी छापली तरी १४ इंच रुंद निघते. पक्ष्यांचे फोटो काढून मधला तुकडा कापून घेणाऱ्याला मात्र १२ कमीच पडणार.

हल्ली अजून एक टूम निघालीये, सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे रंग वेगळेच असतात, फिल्मसारखे असतात वगैरे. सीसीडीचा शोध १९६९ मधे बेल लॅब्समधे लागला, विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना त्यासाठी २००९ चं नोबेल मिळालं, मान मोठा आहे, पण सिलिकॉनला रंग कळत नाही, सीसीडी असो की हल्लीचा सीमॉस प्रकार. रंग ठरतात वर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरवरून आणि फाइलवर होणाऱ्या प्रक्रियेवरून. निकॉनच्या सीसीडीवाल्या डी२०० किंवा डी८० चे रंग आवडत असतील तर जरूर घ्या, फक्त त्यातल्या सीसीडीला श्रेय देऊ नका.

जुन्या वरच्या वर्गातल्या बॉडीचा खरा फायदा मला वाटतं फोटोत दिसतच नाही, हातात घेतल्यावर कळतो. साध्या बॉडीच्या व्ह्यूफाइंडरमधे आरसे जोडून काम भागवलेलं असतं, वरच्या बॉडीत काचेचा अखंड प्रिझम असतो, चित्र मोठं आणि उजळ दिसतं. शटर आणि ॲपर्चरला दोन वेगळी चाकं, मेनूत शिरावं लागत नाही. फोकसचं मात्र तपासून घ्या, कारण एकाच वर्षी आलेल्या दोन बॉडीतसुद्धा जमीन-अस्मानाचा फरक आहे. डी७०० ला ५१ फोकस पॉइंट, त्यातले १५ क्रॉस प्रकारचे, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस पकडणारे. फाइव्ह डी मार्क टू ला ९, आणि क्रॉस फक्त मधला एक. पळणारं पोर काढायचं असेल तर मार्क टू हातात घेऊन वैतागाल, भले त्याचे मेगापिक्सेल २१ असोत.

राहता राहिलं वापराचं घासणं. शटर काउंट म्हणजे गाडीचं किलोमीटर रीडिंग, उपयोगी आहे पण त्यावर सगळं ठरवायचं नाही. फाइव्ह डी मार्क टू आणि डी७०० चं शटर दीड लाख वेळा चालेल अशा चाचणीतलं आहे, डी८०० चं दोन लाख, पण त्या आकड्याला पोचलं की बंद पडतं असं नाही आणि त्याआधी पडणार नाही असंही नाही. निकॉनच्या फोटोच्या माहितीतच हा आकडा लिहिलेला असतो, कॅननच्या बऱ्याच बॉडीत तो यूएसबी लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. डी६०० असेल तर शटर बदललंय का तेवढं विचारा, त्या मॉडेलमधे सेन्सरवर डाग पडायचे आणि निकॉनने ते मान्य करून २०१४ मधे शटर फुकट बदलून दिले होते.

सेन्सर स्वतः वापराने झिजत नाही, पण वर्षानुवर्षं अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या माऱ्याने एखाद-दुसरा पिक्सेल कायमचा बिघडतो आणि अंधारातही चमकत राहतो. लेन्सला झाकण लावून ३० सेकंदांचा एक फोटो काढा, रंगीत ठिपके दिसतील. कॅमेरा तापलेला असेल तर ते जास्त दिसतात, कारण हा गळका प्रवाह दर सहा-आठ अंश तापमानाला दुप्पट होतो, त्यामुळे चार-पाच ठिपके बघून घाबरू नका, शेकड्यांनी असतील तर बघा. मग एफ २२ वर कोऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो, फोकस मुद्दाम बिघडवून. करडे गोल दिसले तर धूळ, ती साफ होते. कडक कडेचा ओरखडा जागचा हलतच नसेल तर तो सेन्सरवरच्या काचेचा, तो साफ होत नाही. ग्रिपचं रबर चिकट झालंय का, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का (कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड तिरकं घुसवून त्या वाकवणारे महाभाग असतात), बॅटरी फुगलीये का, चार्जर सोबत आहे का. फार जुनी बॉडी असेल तर कार्डही बघा, २००५ चा डी५० दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड वाचतच नाही.

आणि शेवटचा फोटो मुद्दाम चार स्टॉप अंधारा काढा, रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधे. कॉम्प्युटरवर उचलून बघा, पट्ट्या येतात का, किती येतात, तुम्हाला चालतात का. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर हे कळत नाही. यातला एक दिलासा म्हणजे नॉइज काढायची सॉफ्टवेअरं आता इतकी सुधारलीयेत की तीच २००८ ची रॉ फाइल तेव्हापेक्षा आज जास्त स्वच्छ उघडते. एवढं सगळं करायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि लॅपटॉप लागतो, दोन्ही घेऊनच बघायला जा. विकणारा घाई करत असेल तर पैसे खिशात ठेवून परत या, एफ १.८ ची लेन्स कुठे पळून जात नाही.