निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांची आरास (मराठवाडा)

पांढऱ्या चिनी मातीवर निळी नक्षी असलेल्या बश्या, कप, वाडगे, थाळ्या आणि बरण्या हौसेने जमवायच्या आणि सणाला किंवा पाहुण्यांसाठी मांडून ठेवायच्या, असा मराठवाड्यातील अनेक घरांतला छंद. त्याला स्वतंत्र नाव नाही. घरातल्या बोलण्यात ‘चिनीच्या बश्या’, ‘काचेचे कप’ (माल काचेचा नसला तरी) किंवा नुसतेच ‘चांगले कप’ म्हणतात. ‘क्रॉकरी’ हा शब्द दुकानांमुळे रुळला. टेबलावरची मांडणी इथे अलीकडची. पिढ्यान्‌पिढ्या जेवणे पाटावर, पंगतीत झाली. त्यामुळे या भांड्यांना पहिली जागा मिळाली ती बैठकीतल्या काचेच्या कपाटात आणि भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढच्या पायऱ्यांवर. टेबल घरात आले तेव्हा मांडणीची नजर बायकांकडे आधीपासून तयार होती.

यातला निळा रंग कोबाल्ट ऑक्साइडाचा. भाजण्याआधी तो काळपट, करडा दिसतो. चिनी पद्धतीत कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावरच नक्षी काढतात आणि कोरडी माती रंग लगेच पिऊन घेते, म्हणून चुकलेली रेघ पुसता येत नाही. वर पारदर्शक झिलईचा लेप देऊन भांडे सुमारे १,३०० अंश सेल्सियसला भाजले की झिलई वितळून काचेसारखी होते आणि तिच्याखाली निळा रंग उमटतो. एवढ्या आचेत बहुतेक रंग जळून जातात. तांब्याचा लाल रंग साधतो, पण तो लहरी. कोबाल्ट मात्र सहसा दगा देत नाही. रंग झिलईखाली बंद असल्याने रोज घासूनही तो विटत नाही.

कपाटातली बेजोड भांडीही एकमेकांशी का जमतात, याचे उत्तर या खनिजात आहे. चीनमधल्या जिंगदेझेनची थाळी, हॉलंडमधल्या डेल्फ्टचा वाडगा, इंग्लंडमधली छापील बशी, उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचा कप, सगळ्यांचा निळा कोबाल्टचाच. खनिजातल्या लोखंड-मँगनीजच्या भेसळीने छटा कमी-जास्त होते, एवढेच. गाव वेगळे, शतक वेगळे, हात वेगळा. रंग एका घरातला. म्हणून संचातले दोन कप फुटले तरी उरलेले चार निरुपयोगी होत नाहीत, दुसऱ्या संचातल्या उरलेल्यांशी त्यांची सोयरीक जुळते. लाल गुलाबाच्या किंवा सोनेरी काठाच्या संचाला ही मुभा नसते. मध्यमवर्गीय घरात हा छंद टिकला तो या गुणामुळे, श्रीमंतीमुळे नव्हे.

चौदाव्या शतकात, युआन राजवटीत, जिंगदेझेनला या भांड्यांचे मोठे उत्पादन सुरू झाले. माती तिथली, पण कोबाल्ट इराणमधून येई आणि पश्चिम आशियाच्या बाजारासाठी मोठमोठ्या थाळ्याही तिथेच बनत, कारण त्या भागात एका थाळीभोवती बसून अनेकांनी जेवण्याची रीत होती. १३२७ मध्ये मुहंमद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली आणि तिचे दौलताबाद केले, तो हाच काळ. पुढे दौलताबादला येऊन गेलेल्या मोरोक्कोच्या प्रवासी इब्न बतूताने चीनची मातीची भांडी हिंदुस्थानात येत असल्याचे लिहून ठेवले आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकाळातील केओलिनच्या (पांढऱ्या चिनी मातीच्या) मूर्ती सापडल्या आहेत. म्हणजे पांढरी माती या प्रदेशाला त्याही आधीपासून ठाऊक होती. नवी होती ती झिलई आणि तिच्याखालचा निळा रंग.

हा रंग मराठवाड्यात भांड्यांच्याही आधी भिंतींवर पाहावा. दौलताबादच्या पंधराव्या शतकातील चांदमिनारावर एके काळी इराणी धाटणीच्या झिलईदार फरशा होत्या. किल्ल्यातल्या चिनी महालाला तर नावच अशा निळ्या फरशांवरून मिळाले. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने याच महालात कैदेत ठेवले. किल्ला पाहायला येणारे बहुतेक जण तोफा आणि अंधारी भुयारी वाट पाहून परततात. चिनी महालाजवळ थांबून फरशांचे उरलेले तुकडे उन्हात निरखले, तर घरातल्या बशीचा निळा किती लांबून आला आहे, ते डोळ्यांना पटते.

सामान्य घरात ही भांडी पोचली ती छपाईमुळे. १७८४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड या कुंभाराने झिलईखाली निळी छपाई करण्याची रीत पक्की केली. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, तिच्यात निळी शाई भरून ती पातळ कागदावर घ्यायची आणि तो कागद भांड्यावर दाबायचा. हाताने एक थाळी रंगवायला लागणाऱ्या वेळात अनेक थाळ्या होऊ लागल्या. ‘विलो’ ही सगळ्यात प्रसिद्ध नक्षी यातलीच: ओणवलेले वाळुंजाचे (इंग्रजीत ‘विलो’) झाड, पुलावरून जाणारी तीन माणसे, होडी, वर उडणारे दोन पक्षी. ती चिनी वाटते, तिच्यासोबत सांगितली जाणारी प्रेमकथाही चिनी वाटते. पण नक्षी आणि कथा दोन्ही इंग्लंडमध्ये रचलेल्या. १९०० च्या सुमारास मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा निजामाच्या राज्यातला लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईचा माल गोणपाटात, भुशात बांधून येऊ लागला. हैदराबादच्या अमीर-उमरावांची चिनी भांड्यांची आवड तिथल्या सालारजंग संग्रहालयात आजही दिसते. नंतर सौराष्ट्रातल्या थानगढ-वांकानेर भागातील देशी कपबश्यांनी बाजार भरला. चहाची सवय आणि कपबशी दोन्ही एकाच काळात गावोगाव पोचल्या. बशीत ओतून, फुंकून चहा पिण्याची रीत तेव्हापासूनची.

बरणीला मात्र चहाची वाट पाहावी लागली नाही. बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंचेचे सार किंवा लोणचे कळकते. चिनी मातीवर आंबटाचा परिणाम होत नाही. त्यामुळे ज्या घरांत कपबशी बाहेरच्या फळीवर राहिली, तिथेही लोणच्याची बरणी माजघरात गेली. बहुतेक बरण्या तपकिरी-पांढऱ्या असतात. निळ्या फुलाची किंवा निळ्या पट्ट्याची बरणी मिळाली तर ती जपली जाते.

कपबशी बाहेर का राहिली, हे सांगणे भाग आहे. धातूचे भांडे घासून, तापवून शुद्ध होते आणि मातीचे होत नाही, या समजुतीमुळे सोवळ्याच्या घरांत चिनी भांडी चुलीपासून लांब ठेवत. तीच समजूत हॉटेलांत माणसांवर लादली गेली: दलितांसाठी कपबश्या वेगळ्या, बऱ्याचदा कान तुटलेल्या, बाहेर ठेवलेल्या, आणि पिणाऱ्याने स्वतःच विसळायच्या. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. वेगळे कप त्यानंतरही कित्येक गावांत दिसत राहिले. मराठवाड्यातल्या कपाचा इतिहास हे वगळून लिहिला तर तो खोटा ठरेल.

मांडणीचा खरा सोहळा महालक्ष्म्यांचा. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात, त्या मराठवाड्यात महालक्ष्म्या. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर निघतात. त्यांच्यापुढे पायऱ्या करून लाडू, करंज्या, अनारसे, चकल्या, खेळणी आणि घरातल्या देखण्या वस्तू मांडतात. जालन्यातल्या एका घरी प्रस्तुत नोंदकाराने पाहिलेली आरास अशी: धुतलेल्या पांढऱ्या धोतराने झाकलेल्या तीन पायऱ्या, सगळ्यात वर सात बश्या उभ्या, प्रत्येकीच्या मागे टेकू म्हणून गव्हाने भरलेला स्टीलचा पेला. सातांत नक्षी तीन तऱ्हांच्या. दोन बश्या विलोच्या, सासूबाईंच्या माहेरच्या. चार वेलीच्या, उरुसातून घेतलेल्या. आणि एक जाडसर, हाताने रंगवलेली, जिच्यावर फूल पूर्ण करण्याआधी रंगवणाऱ्याने ब्रश पुन्हा बुडवलेला स्पष्ट दिसतो, पाकळी मध्येच गडद होते. खालच्या पायरीवर एका वाडग्याचा टवका उडालेला होता. तो भाग मागे फिरवून वर शेवंतीचे फूल ठेवले होते. घरातल्या मुलीला विचारले तर तिने प्रत्येक बशी कुणी आणली ते न अडखळता सांगितले. त्या आठवणीशिवाय हा संग्रह अपुरा आहे, आणि ती कुठेही लिहून ठेवलेली नसते.

मुसलमान घरांत याच भांड्यांचे दिवस ईदचे. दस्तरखान जमिनीवर अंथरलेला असतो आणि शीरखुर्मा निळ्या काठाच्या कटोऱ्यांतून येतो. दुधाचा पिवळसर पांढरा आणि काठाचा निळा एकमेकांना उठाव देतात. औरंगाबादच्या नान-खलियाची (नान आणि मटणाचा रस्सा) मोठी रकाबीही मध्येच मांडली जाते. चौदाव्या शतकातल्या मोठ्या थाळ्या ज्या बैठकीसाठी घडल्या, तिच्या जवळची ही बैठक आहे.

टेबल मांडताना निळ्यावर पिवळे हा नियम धरला तरी पुरतो. पिठले, साधे वरण, पुरणपोळी, मराठवाड्याच्या केशर आंब्याचा रस या भांड्यांत जसा खुलतो तसा स्टीलमध्ये खुलत नाही. येसर आमटीसारखा गडद पदार्थ खोल पांढऱ्या वाडग्यात घ्यावा आणि निळी नक्षी खालच्या बशीवर राहू द्यावी. टेबलावर चकचकीत प्लास्टिकचे कापड नको. जुन्या इरकल लुगड्याचा गडद निळा किंवा काळपट भाग आडवा टाकला तर बश्या त्यावर चांदण्यासारख्या दिसतात. सोबत पितळी तांब्या आणि चार झेंडूची फुले. सगळेच निळे-पांढरे केले की टेबल दवाखान्यासारखे थंड वाटते, पितळ ती थंडी घालवते. सगळ्यांना एकसारखी बशी देण्याचा अट्टहास सोडावा. पाहुणा आपल्या बशीवरचा पक्षी शेजारच्या बशीवर शोधू लागतो, तेव्हा गप्पा आपोआप सुरू होतात.

नवी भर आठवडी बाजारांतून, जत्रा-उरुसांतून आणि रस्त्याकडेला पोती अंथरून बसणाऱ्या विक्रेत्यांकडून पडते. परभणीचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो. खुलताबादच्या उरुसालाही बरण्या-कपबश्यांची दुकाने लागतात. घेताना बशी बोटांच्या टोकांवर तोलून नखाने वाजवावी. ‘टण्‌’ असा लांबलेला नाद आला तर ती धड, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, दिसत नसला तरी. मग उजेडाकडे धरून मागे हात फिरवावा. पातळ पोर्सलिनमधून बोटांची सावली दिसते, जाड दगडी मातीतून दिसत नाही. हाताची नक्षी ओळखायची तर काठावरची वेल बघत एक फेरी मारावी: छापील वेलीत कागदाची दोन टोके जुळतात तिथे एखादे पान अर्धे कापलेले सापडते. जयपूरची निळी भांडी या कुळात धरू नयेत. ती मुख्यतः क्वार्ट्झची भुकटी आणि काच यांची, त्यांत चिनी माती नसतेच. दिसायला सुंदर, पण मऊ; ती कपाटातच शोभतात.

निगा सोपी आहे. राख, वाळू किंवा तारेची घासणी लावू नये. बोअरच्या जड पाण्याने झिलईवर पांढुरका थर धरतो. चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाच्या फोडीने तो निघतो. झिलईला केसासारख्या चिरा पडल्या असतील तर वरणाची हळद त्यांत मुरते आणि बशी पिवळी दिसते. धुऊन एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवली की हळदीचा डाग फिका पडतो. मात्र फार जुन्या, चिरा गेलेल्या झिलईत शिसे असू शकते. अशा भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, ते आराशीपुरतेच वापरावे.

फुटके भांडे घरात ठेवू नये ही समजूत घट्ट आहे, आणि जिवापाड जपलेली बशी टाकवतही नाही. यावर काही घरांनी एक वाट काढली. तुळशीवृंदावनाचा ओटा नव्याने करताना सिमेंट ओले असतानाच हे तुकडे त्यात बसवतात, धारेची बाजू आत दाबून. रोज सकाळी पाणी घातले की ओट्यावर एका ठिकाणी पुलाची कमान दिसते, दुसरीकडे पक्ष्याचा एकच पंख.