प्रश्नावलीचा ओघतक्ता

सर्वेक्षणात कोणता प्रश्न कोणाला विचारायचा आणि कोणत्या उत्तरानंतर कुठे वळायचे, हे चौकटी व बाणांनी दाखवणारी आकृती. बोलताना ‘फ्लोचार्ट’ हाच शब्द चालतो. छापील प्रश्नावलीत प्रश्न एकाखाली एक असतात. मुलाखत तशी सरळ चालत नाही. मूल नसलेल्या बाईला मुलाच्या लशींबद्दल विचारून चालत नाही. कोणाला काय विचारायचे नाही, हे ठरवणे हेच या आकृतीचे खरे काम.

कामाचे टप्पे चित्रात मांडण्याची रीत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांपुढे ठेवली. पुढे ती संगणकाच्या आज्ञावलीत रुळली. प्रश्नावलीने चिन्हे तिथूनच उचलली: साध्या प्रश्नाला आयत, फाटा फुटेल तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन.

फाट्यांचा क्रम किती निर्णायक असतो, हे भारतातील नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून (२०१७ पासून) कळते. त्यातील ‘चालू साप्ताहिक स्थिती’ची व्याख्या चित्रात काढली तर तीन शंकरपाळे पुरतात. मागच्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी किमान १ तास काम केले का? ‘हो’ म्हटले की व्यक्ती रोजगारात. ‘नाही’ असेल तर दुसरा: हातात काम होते, पण आजारपणामुळे वा अन्य कारणाने जाता आले नाही, असे झाले का? इथेही ‘हो’ म्हणजे रोजगारातच. तिसरा: निदान १ तास तरी काम शोधले किंवा काम करायची तयारी होती का? ‘हो’ म्हणजे बेरोजगार; ‘नाही’ म्हणजे श्रमशक्तीबाहेर. आता पहिला आणि तिसरा यांची अदलाबदल करून पाहावी. दोन दिवस निंदणीला जाऊन उरलेला आठवडा काम शोधणारी बाई रोजगारातून उठून थेट बेरोजगारांत जाऊन बसते. प्रश्नांचे शब्द तेच राहतात, आकडा मात्र बदलतो.

कागदी प्रश्नावलीत वळणे उजवीकडच्या रकान्यात बाण आणि प्रश्नक्रमांक देऊन दाखवत. क्षेत्रात त्याला ‘स्किप’ म्हणतात. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा आहे. त्याच्या चौथ्या फेरीपासून (२०१५-१६) मुलाखती छोट्या संगणकावर नोंदवल्या जाऊ लागल्या. यंत्र वळण आपोआप घेते, ही सोय झाली. पण बाण चुकला असेल, तर कागदावर अनुभवी अन्वेषकाला ते खटकण्याची शक्यता होती. यंत्राला काही खटकत नाही. ते तोच चुकीचा फाटा प्रत्येक घरी इमानाने पकडते.

आकृती तपासताना तीन गोष्टी बघतात. एखाद्या प्रश्नाकडे एकही बाण येत नाही का? एखाद्या उत्तरातून बाण निघतच नाही का? मुलाखत शेवटापर्यंत न पोचता मागे फिरून अडकते का? यांतली दुसरी चूक सर्रास सापडते, कारण ‘हो’ आणि ‘नाही’चे बाण काढून झाले की ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ यांचा विसर पडतो. एकापाठोपाठ एक १० दुहेरी फाटे असले तर मार्ग १,०२४ होऊ शकतात. ते सगळे घरोघरी जाऊन कोणी चाचपत नाही. म्हणून सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड मार्ग बोटाने चालून पाहतात. लांब मार्गावरून मुलाखतीच्या वेळेचाही अंदाज येतो.

तक्ता प्रश्नांचे शब्द ठरण्याआधी, पेन्सिलीने काढावा. प्रश्नावली छापून झाल्यावर अहवालासाठी काढलेला रंगीत तक्ता भिंतीवर शोभतो, एवढेच. कुटुंबातील प्रत्येक सदस्यासाठी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न मुख्य आकृतीत कोंबू नयेत. त्यांची वेगळी छोटी आकृती करून मूळ जागी फक्त तिचा क्रमांक द्यावा.